मधल्या वेळी बाळाला काय द्यावं आणि का

नऊ महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह मिळावं, अशी अमेरिकेतली शिफारस आहे. त्याच तक्त्यात धडधाकट मोठ्या पुरुषाच्या नावापुढे ८ हा आकडा आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते, पण ती चूक नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं, त्याबरोबर रक्तही वाढतं आणि रक्त तयार व्हायला लोह लागतं. जन्मताना आईकडून आणलेला लोहाचा साठा चार ते सहा महिने पुरतो. आईच्या दुधातलं लोह फार चांगलं शोषलं जातं, पण एका लिटरमध्ये ते अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असतं. म्हणजे सहाव्या महिन्यानंतर ही तूट अन्नानेच भरायची असते.

भरायची तरी कशात? बाळाच्या पोटात. त्या पोटाची क्षमता दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलिटर धरतात. आठ किलोच्या बाळाचं पोट एका वेळी २४० मिलिलिटरच्या आसपास भरतं, म्हणजे जेमतेम एक मोठा पेला. त्यात दूधही आलं.

मधल्या वेळच्या खाऊचा सगळा विचार या दोन गोष्टींवर उभा आहे: गरज मोठी आणि जागा लहान. मोठ्यांच्या आयुष्यात मधल्या वेळचं खाणं म्हणजे चैन, वेळ घालवणं, चहाबरोबरचं काहीतरी. लहान मुलाच्या दिवसात ते छोटं जेवणच असतं. तीन जेवणांत जे मावलं नाही ते तिथे बसवायचं असतं. त्यामुळे ‘चटकन हातात काय देऊ’ हा प्रश्न मी थोडा बदलून घेते: सकाळपासून याच्या पोटात काय गेलं नाही?

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वेगळा खाऊ फारसा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने या वयात दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं अन्न पुरतं, बाकीचं काम दूध करतं. स्तनपान चालू असलेल्या बाळाला या काळात अन्नातून सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. नऊ महिन्यांपासून तीन-चार जेवणं आणि मध्ये एक-दोनदा खाऊ, असं वेळापत्रक बसतं. या आकड्यांकडे पाहिलं की भाज्यांचं पातळ सूप किंवा फळाचा रस हा खाऊ म्हणून का वाया जातो ते कळतं. पोट पाण्याने भरतं, बाळ समाधानाने तोंड फिरवतं आणि आत गेलेलं असतं फार थोडं. त्याच वाटीत चमचाभर तेल किंवा लोणी घातलं तर ३५ ते ४५ कॅलरी वाढतात आणि जागा लागत नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या खाण्यातली स्निग्धता कमी करायची नसते. मोठ्यांचे आहाराचे नियम इथे आणू नयेत. सायीसकटचं दही, पिवळ्या बलकासकट अंडं, अॅव्होकाडो, शेंगदाण्याची पातळ केलेली पेस्ट हे या वयाचे खरे मित्र.

लोह कुठून आणायचं

मांस, मासे, कोंबडी यांतलं लोह शरीराला सहज मिळतं. जे खातात त्यांच्यासाठी शिजवून अगदी बारीक केलेला खिमा हा उत्तम खाऊ आहे, पण खाऊ म्हटल्यावर तो कुणाला आठवत नाही. कडधान्यं, डाळी, हिरव्या पालेभाज्या यांतलं लोह जरा अडेलतट्टू असतं. धान्यांत आणि कडधान्यांत असलेली फायटेट नावाची द्रव्यं त्याला धरून ठेवतात. त्यावर घरात करता येण्यासारखे दोन उपाय आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. पहिला म्हणजे भिजवणं, मोड आणणं किंवा आंबवणं. यात फायटेट कमी होतात. दुसरा म्हणजे त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व देणं: लिंबाचे चार थेंब, टोमॅटो, संत्र्याची साल-पापुद्रा काढलेली फोड, शिजवलेली ढबू मिरची. ‘त्याच घासाबरोबर’ हे महत्त्वाचं. सकाळी डाळ आणि संध्याकाळी संत्रं दिल्याने हे काम होत नाही.

मोड आणण्याचा आणखी एक फायदा आहे. मोड आलेल्या धान्यात अॅमायलेज हे विकर (एन्झाइम) तयार होतं, ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. साध्या पिठाची खीर चार चमच्यांत घट्ट होते, म्हणून आपण पाणी वाढवतो आणि खीर पातळ होते तशी ताकदही पातळ होते. मोड आणून, वाळवून, हलकं भाजून केलेलं पीठ चमचाभर जरी त्या घट्ट खिरीत घालून ढवळलं तरी ती मिनिटा-दोन मिनिटांत सैल पडते. म्हणजे कमी पाण्यात जास्त धान्य, आणि बाळाला गिळायलाही सोपं. फक्त ते पीठ खीर किंचित निवल्यावर घालायचं. उकळत्या खिरीत घातलं तर विकर लगेच निकामी होतं. ते घातल्यावर मात्र खीर पुन्हा एकदा उकळून घ्यावी, कारण मोड आणताना जंतूही वाढलेले असू शकतात.

लोहाचा एक शत्रू आपण कौतुकाने पाजतो: दूध. वर्षाच्या आत गाईचं किंवा म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये. पदार्थात घातलेलं चालतं, दहीही चालतं. वर्षानंतर दिवसाला सुमारे अर्धा लिटर पुरे. दुधात लोह नसल्यातच जमा, वर त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातल्या लोहाच्या आड येतं. शिवाय दुधाने पोट भरलेलं मूल डाळीकडे ढुंकूनही पाहत नाही. ‘काही खात नाही, निदान दूध तरी पिऊ दे’ असं म्हणून दिवसभर बाटली देत राहिलं की मूल खात नाही याचं कारण ती बाटलीच होऊन बसते. चहा तर या वयात नकोच, त्यातली टॅनिनं लोह अडवतात.

आता एक खाऊ नीट करून पाहू. अर्धी वाटी लाल मसूर दोन तास भिजवा, पाणी काढून टाका, आणि अगदी बेताच्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा. शेवटी झाकण काढून पाणी आटवायचं, डाळ कोरडीशी व्हायला हवी. एक मध्यम रताळं उकडून त्यात कुस्करा, एक चमचा तेल, किंचित जिरेपूड, लिंबाचे थेंब. मीठ नाही. मिश्रण हाताला चिकटत असेल तर ओट्सचं पीठ चमचाभर घाला, पण जास्त नको, नाहीतर भाजल्यावर टिक्की घशात बसेल अशी कोरडी होते. हाताला तेल लावून मोठ्या माणसाच्या बोटाएवढ्या लांबट टिक्क्या, म्हणजे कांड्या वळा आणि मंद आचेवर तव्यात दोन्हीकडून परता. वरून हलका पापुद्रा आला पाहिजे आणि आतून जिभेने टाळूवर दाबली तर विरघळली पाहिजे. पापुद्रा कडक झाला असेल तर आच मोठी होती. शंभर ग्रॅम शिजलेल्या मसुरात तीन मिलिग्रॅमहून थोडं जास्त लोह असतं. एका कांडीने डोंगर हलत नाही, पण रोजच्या दोन कांड्यांनी फरक पडतो.

अंड्याचा खाऊ त्याहून सोपा. एक पिकलेलं केळं, एक अंडं, दोन चमचे ओट्सचं पीठ फेटायचं आणि तव्यावर लहान लहान पॅनकेक घालायचे. दोन्ही बाजूंनी पूर्ण शिजवायचे, मध्ये ओलसर राहू द्यायचे नाहीत. आणि ज्या दिवशी यातलं काहीच जमत नाही त्या दिवशी वाटीभर दह्यात शेंगदाण्याची मऊ पेस्ट ढवळून द्यावी. तेही पूर्ण खाणं आहे, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

शेंगदाण्याची गोष्ट

शेंगदाणा म्हटलं की घरात दोन तट पडतात. त्याला कारणही आहे, कारण डॉक्टरांचा सल्लाच मधल्या काळात उलटला. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं होतं की अॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८ साली तो सल्ला मागे घेतला गेला. त्याच वर्षी एक तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची अॅलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट होती. वंश सारखा, पण इस्रायलमधली मुलं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा फुगवलेला, तोंडात विरघळणारा खाऊ खात होती आणि ब्रिटनमधली मुलं जवळपास खातच नव्हती.

हा योगायोग की कारण, हे पाहायला लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले गिडिअन लॅक आणि सहकाऱ्यांनी चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली. सगळ्यांना तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल आणि खाजरी होण्याचा विकार) किंवा अंड्याची अॅलर्जी, नाहीतर दोन्ही. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत पूर्ण वर्ज्य. २०१५ साली निकाल आले: टाळणाऱ्यांत १७ टक्क्यांना अॅलर्जी झाली, खाणाऱ्यांत ३ टक्क्यांना. सांभाळून ठेवल्याने धोका कमी होत नव्हता, वाढत होता.

यातून घरी काय घ्यायचं? सहाव्या महिन्याच्या आसपास, बाळ इतर दोन-चार पदार्थ नीट खाऊ लागलं की शेंगदाणा आणि शिजलेलं अंडं उगाच लांबणीवर टाकू नये. बाळाला तीव्र एक्झिमा असेल किंवा आधी एखाद्या पदार्थाने अंगावर गांध्या उठल्या असतील तर मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं. एका वेळी एकच नवा पदार्थ, शक्यतो दिवसा, पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर. ओठ सुजणं, अंगभर गांध्या, वारंवार उलट्या, श्वासाला घरघर असं काही दिसलं तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आणि एकदा पचला की तो पदार्थ आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवायचा. एकदा देऊन विसरून गेलं तर उपयोग नाही. अख्खा शेंगदाणा मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही. त्याचं कारण वेगळं आहे.

आकार, मऊपणा आणि दाढा

लहान मुलाची श्वासनळी बारीक स्ट्रॉएवढी असते. पण अडचण फक्त नळीची नाही, दातांचीही आहे. वर्षाच्या मुलाला पुढचे दात असतात, दाढा नसतात. पहिल्या दाढा साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात येतात, दुसऱ्या दोन वर्षांच्या पुढे-मागे. पुढच्या दातांनी तुकडा तोडता येतो, दळता येत नाही. म्हणूनच कच्चं गाजर आणि कच्चं सफरचंद हे दिसायला निरोगी खाऊ या वयात धोक्याचे आहेत. मूल कुर्रकन तुकडा तोडतं, आणि तो कडक तुकडा तोंडात आल्यावर त्याचं काय करायचं ते त्याला ठाऊक नसतं. गाजर वाफवून किंवा किसून, सफरचंद शिजवून किंवा किसून द्यावं.

द्राक्षाचं भय वेगळं आहे. ते गोल, गुळगुळीत आणि दाबलं जाणारं असतं. नळीच्या तोंडाशी बसलं की आकार बदलून बूच मारल्यासारखं घट्ट बसतं. द्राक्ष, छोटा टोमॅटो, मोठ्या बिया काढलेली चेरी हे सगळं उभं चिरून चार तुकडे करायचे. आडवं अर्धं करून पुरत नाही, कारण गोल चकती तशीच राहते. सॉसेजचंही तसंच, चकत्या नकोत, उभ्या पातळ काड्या कराव्यात. पॉपकॉर्न, कडक गोळ्या, अख्खे बदाम-काजू-शेंगदाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. दाण्यांच्या पेस्टचा नुसता गोळा चमच्याने तोंडात देऊ नये, तो टाळूला चिकटतो. ती दह्यात किंवा कोमट पाण्यात सैल करावी नाहीतर पावावर अगदी पातळ पसरावी.

मऊ झालंय की नाही ते पाहायला अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये तुकडा धरून दाबावा. सहज चिरडला तर बाळाच्या हिरड्यांनाही चिरडेल. ही चाचणी प्रत्येक वेळी करावी, कारण कालचं रताळं आणि आजचं रताळं एकसारखं शिजत नाही.

तुकडा केवढा द्यावा याचं उत्तर आपल्या समजुतीच्या नेमकं उलट आहे. सहा-सात महिन्यांचं बाळ मुठीने धरतं, मुठीत गेलेलं त्याला काढता येत नाही. म्हणून त्याला लांब कांडी द्यायची, जी मुठीच्या वर बोटभर तरी उरेल. लहान तुकडे त्याला दिले तर ते नुसते चिरडत बसेल. नऊ महिन्यांच्या आसपास अंगठा आणि तर्जनीची चिमटी जमायला लागते, तेव्हा मऊ बारीक तुकडे पुढे ठेवायचे. म्हणजे वय वाढलं की तुकडा लहान होतो. ताटलीत चार वाटाणे चिरडून ठेवले आणि मूल एकेक टिपून उचलू लागलं की पाहत बसावं. त्याच्या बोटांची ती कसरत आहे, त्यात घाई करू नये.

सगळं मिक्सरमधून काढून देण्याचा मोह फार दिवस चालवू नये. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांच्या दीर्घ अभ्यासात दिसलं की ज्यांना गुठळ्यांचं अन्न नऊ-दहा महिन्यांनंतर सुरू झालं ती मुलं पुढे, सातव्या वर्षीही, फळं-भाज्या कमी प्रकारच्या खात होती आणि त्यांच्या जेवणाच्या तक्रारी जास्त होत्या. चावण्याची सवय लागण्याचा एक काळ असतो. तो गिळगिळीत लगद्यात घालवायचा नाही.

गुठळी तोंडात गेली की बाळाला उमासा येतो, डोळ्यांत पाणी येतं आणि घरातल्या सगळ्यांचा जीव वर-खाली होतो. हा उमासा म्हणजे घास अडकणं नव्हे. बाळाच्या जिभेवर उमासा आणणारी जागा मोठ्यांपेक्षा बरीच पुढे असते, त्यामुळे घास घशाजवळ जायच्या आतच शरीर तो पुढे ढकलतं. उमाशात आवाज येतो, खोकला येतो, चेहरा लाल होतो. घास खरोखर अडकला की आवाज बंद होतो. बाळ खोकू शकत नाही, रडू शकत नाही, ओठ निळसर होऊ लागतात. तेव्हा मदतीला हाक मारत वर्षाच्या आतल्या बाळाला मांडीवर पालथं, डोकं खाली करून धरायचं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा मारायच्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. पुन्हा तेच. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, घास आणखी आत जातो. वाचून हे नीट येत नाही, प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर एकदा करून घ्यावं. बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाने करावं, फक्त आईने नव्हे. आणि खाऊ बसूनच खायचा. धावताना, गाडीत मागच्या सीटवर, झोपाळलेलं असताना नको.

गोड, खारट आणि मध

मध वर्षाच्या आत नाही, थेंबभरही नाही, चाटवायलासुद्धा नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त, टणक रूपं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. ‘केकमध्ये घालून भाजला तर?’ असं हमखास विचारलं जातं. तरीही नाही. हे बीजाणू मरायला दाबाखाली १२१ अंशांचं तापमान लागतं, आणि भट्टी कितीही तापली तरी पदार्थाच्या आतला भाग साधारण १०० अंशांपुढे जात नाही.

मीठ वर्षाच्या आत दिवसाला एक ग्रॅमच्या आत राहावं, एक ते तीन वर्षांत दोन ग्रॅमच्या आत. पाव, चीज, बिस्किटं यांतूनच ते बरंचसं येऊन जातं, म्हणून घरच्या खाऊत वेगळं घालायचं कारण उरत नाही. अळणी लागतं ते आपल्याला. बाळाने खारटाची चव घेतलेलीच नसते.

गोडाचं जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे चांगल्या हेतूची गडबड फार आहे. साखर नको म्हणून लोक खजुराची पेस्ट घालतात, गूळ घालतात, सफरचंदाचा आटवलेला रस घालतात, आणि डब्यावर अभिमानाने ‘साखरेविना’ लिहितात. दातांवरच्या जंतूंना या सगळ्यांतला फरक कळत नाही. त्यांनी साखर खाल्ली की काही मिनिटांत दातावर आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास तरी लागतो. दर अर्ध्या तासाने एकेक चिकट घास म्हणजे दात दिवसभर आम्लात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्हिएन्ना, सोफिया, बुडापेस्ट आणि हैफा इथली बाळांसाठीची सुमारे ८,००० उत्पादनं तपासली होती. त्यांतल्या तीन शहरांत निम्मी किंवा त्याहून जास्त उत्पादनं अशी होती की त्यांतली ३० टक्क्यांहून अधिक ऊर्जा साखरेची होती. फळाचा लगदा चोखायच्या पाकिटात भरला की असंच होतं: दाताखाली काही येत नाही, साखर मोकळी होते आणि मिनिटात संपतं. तेच अख्खं पिकलेलं फळ तुकडे करून दिलं तर वेळ लागतो, चावावं लागतं. फळाचा रस वर्षाच्या आत नकोच.

दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर टाळता आली तर उत्तम. पण चुलत भावाच्या वाढदिवसाला केकचा तुकडा तोंडात गेला तर आभाळ कोसळत नाही. रोजचं काय ते महत्त्वाचं.

नको म्हणतं तेव्हा

पहिल्या वर्षात बाळ सहा किलो तरी वाढतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच. भूक त्या मानाने कमी होणारच. नेमकी याच वेळी घरात ‘अचानक खायचं बंद केलं’ अशी ओरड सुरू होते आणि ताटलीमागे मोबाइल येतो.

१९२० आणि ३० च्या दशकांत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक प्रयोग केला. नुकतंच दुधावरून अन्नावर येणाऱ्या पंधरा बाळांपुढे त्यांनी वेगवेगळ्या वाट्या ठेवल्या आणि काय, किती खायचं ते बाळांवर सोडलं. बाळांनी विचित्र जेवणं केली, कधी नुसतीच अंडी, कधी केळ्यांवर केळी, पण काही दिवसांचा हिशोब धरला तर सगळी छान वाढली. यावरून ‘मुलांना सगळं कळतं’ असा निष्कर्ष लोक काढतात. डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितलं होतं की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. यादीत चौतीस साधे पदार्थ होते: धान्यं, भाज्या, फळं, मांस, अंडी, दूध. साखर नव्हती, तयार खाऊ नव्हता. काहीही निवडलं तरी चुकण्याची सोयच ठेवली नव्हती. घरात नेमकं हेच करायचं: काय, कधी आणि कुठे हे आपण ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. दोन खाण्यांत दोन-अडीच तासांचं अंतर ठेवायचं, मध्ये फक्त पाणी. रडलं म्हणून बिस्किट, कंटाळलं म्हणून बिस्किट हे चालू राहिलं तर टिक्की कितीही मन लावून केली तरी ती जमिनीवरच जाणार.

नवी चव आवडायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते, काही मुलांना त्याहून जास्त. कडू-तुरट चवीला नाक मुरडणं उपजत असतं. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारालाच ‘हिला पालक आवडत नाही’ असा शिक्का बसतो. खरं तर चवीचं शिक्षण जन्माआधीच सुरू झालेलं असतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या संशोधक ज्युली मेनेला यांनी २००१ साली दाखवलं की गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात आईने गाजराचा रस घेतला असेल तर बाळं गाजराच्या चवीची खीर अधिक सहजपणे खातात. म्हणून आधी नाकारलेली भाजी पुन्हा ठेवावी, चमचाभरच, न बोलता, ओळखीच्या पदार्थाशेजारी. आणि आपणही ती समोर बसून खावी.

करून ठेवताना

रोज ताजं करणं ज्यांना जमतं त्यांनी करावं. बाकीच्यांनी आठवड्यातून एकदा टिक्क्या, पॅनकेक करून गोठवावेत. त्यात कमीपणा नाही. शिजलेला पदार्थ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, भात तर त्याहून लवकर, कारण त्यातल्या बॅसिलस सेरियस जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि बाहेर ठेवलेल्या भातात वाढतात. पालक किंवा बीट यांचा लगदा केला तर त्याच दिवशी संपवावा किंवा लगेच गोठवावा, ठेवून दिला की त्यातल्या नायट्रेटचं बाळाला घातक असं नायट्राइट होत जातं. तांदळात आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त उतरतं, म्हणून कुरमुऱ्यासारखा फुगवलेल्या तांदळाचाच खाऊ रोज रोज नको. ओट्स, गहू, मका आलटून पालटून असावेत.

बाळाची वाटी आणि साठवणीचं भांडं वेगळं ठेवा. चमचा तोंडात जाऊन परत भांड्यात आला की लाळ त्यात उतरते, आणि लाळेतही तेच अॅमायलेज असतं. घट्ट खीर तासाभरात पाणीदार झालेली दिसते ती त्यामुळे. बरोबर जंतूही गेलेले असतात. वाटीतलं उष्टं टाकून द्यायचं. न उष्टावलेल्या, एकदा वितळवलेल्या टिक्क्या पुन्हा गोठवायच्या नाहीत. पूर्ण गरम करून, आतपर्यंत वाफ आल्यावर निववून द्यायच्या. उरल्या तर मोठ्यांनी खाव्यात, मीठ वरून घ्यावं.